हाली रुपयाचा भाव आणि लिलावाची वेळ

नांदेड, कंधार, औसा, उदगीर या भागातल्या जुन्या घरांत देव्हाऱ्यात किंवा लोखंडी पेटीत चारमिनार छापाचे चांदीचे रुपये अजून सापडतात. लक्ष्मीपूजनाला ते बाहेर निघतात, हळद-कुंकू लागतं आणि पुन्हा फडक्यात बांधले जातात. हा निजामाचा हाली सिक्का. इंग्रजी राज्याच्या रुपयाला आपल्याकडे कलदार म्हणत, आणि सहा कलदारांना सात हाली असा साधारण हिशेब होता. हाली रुपयाचं वजन ११.१७८ ग्रॅम आणि त्यात चांदी ८१.८ टक्के, म्हणजे शुद्ध चांदी नऊ ग्रॅमहून किंचित जास्त. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं, त्यानंतरही काही वर्षं हा सिक्का बाजारात चालत होता. १९५०च्या दशकात तो चलनातून गेला आणि आपल्या घरांत जिथे होता तिथेच राहिला.

पूर्वी घरात अडचण आली की हे रुपये सराफाकडे जायचे. तराजूत पडायचे, चांदीचा दर लागायचा, वर घट धरली जायची. नाण्यावरची मीम आणि ऐन ही दोन उर्दू अक्षरं सराफाच्या हिशेबात नसायची, पण नाणी जमवणाऱ्याचा सगळा हिशेब त्यांच्यापासूनच सुरू होतो. चारमिनारच्या मधल्या कमानीत मीम असेल तर नाणं सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचं. ऐन असेल तर १९११ साली गादीवर आलेल्या मीर उस्मान अली खान यांचं. पुढे हा ऐन अर्धा आहे की पूर्ण, हिजरी वर्ष कोणतं, राज्यारोहणाचं वर्ष कोणतं, कडा झिजल्या आहेत का, यावर किंमत ठरते. उर्दू माध्यमात शिकलेली पिढी ही वर्षं बसल्या जागी वाचायची. आजच्या घरांत ते वाचणारं माणूस क्वचितच उरलं आहे.

आता हीच नाणी संगणकावरच्या लिलावांत जातात. भारतात या गोष्टीला दोन दशकांहून अधिक काळ झाला. २००० च्या सुमारास बाझी डॉट कॉम हे लिलावाचं संकेतस्थळ आलं, २००४ मध्ये ते ईबेने घेतलं, पुढे ईबेचा भारतातला धंदा फ्लिपकार्टकडे गेला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ते संकेतस्थळ बंद झालं. पण तोवर नाणी जमवणाऱ्यांना घरबसल्या बोली लावायची सवय लागली होती. आज मुंबई, अहमदाबाद, बंगळुरूची लिलावघरं सभागृहातल्या लिलावाबरोबर ऑनलाइन बोलीही घेतात. नांदेडच्या शाळामास्तरांना आता मुंबईला न जाता तिथल्या लॉटवर बोली लावता येते. ही फार मोठी सोय आहे, आणि तिच्याबरोबर एक कोडंही आलं आहे. एकाच वर्षाचं, एकाच प्रतीचं नाणं एका आठवड्यात एका भावाला जातं आणि पुढच्या आठवड्यात निम्म्याला. नाणं बदललेलं नसतं, चांदीही फारशी हललेली नसते. बदललेली असते ती वेळ.

हे कसं घडतं ते समजायला आधी बोलीचं यंत्र कळायला हवं. बहुतेक ऑनलाइन लिलावांत तुम्ही आपली कमाल रक्कम एकदाच लिहून ठेवता. पुढे यंत्रच तुमच्या वतीने थोडं थोडं वाढवत जातं. समजा एका हाली रुपयासाठी तिघे आहेत. पहिल्याची तयारी ४,००० रुपयांची, दुसऱ्याची ३,५०० ची आणि तिसऱ्याची १,८०० ची. नाणं पहिल्याला मिळणार, पण ४,००० ला नव्हे. दुसरा ३,५०० ला थांबला की त्याच्या एक पायरी वर भाव स्थिरावतो. म्हणजे किंमत जिंकणारा ठरवत नाही, त्याच्या खालोखालचा माणूस ठरवतो. अर्थशास्त्रज्ञ विल्यम विकरी यांनी १९६१ मध्ये अशा लिलावाचं गणित मांडलं होतं आणि १९९६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, तेव्हा ईबे नुकतंच सुरू झालेलं होतं.

आता याच उदाहरणातला दुसरा माणूस त्या रात्री लग्नाला गेला आहे असं धरा. पहिला तोच, नाणं तेच, पण भाव ३,५०० वरून एकदम १,८०० च्या आसपास येतो. एका माणसाच्या गैरहजेरीने अर्धी किंमत गेली. वेळेचा सगळा परिणाम या एका गोष्टीत आहे. सामान्य वस्तूंना गिऱ्हाईक शेकड्याने असतं, तिथे एक जण नसला तर काही बिघडत नाही. एखाद्या विशिष्ट वर्षाच्या हाली अधेलीसाठी, म्हणजे अर्ध्या रुपयासाठी, मात्र खरे जाणकार मोजकेच असतात. त्यातले दोन एकाच क्षणी जागे, मोकळे आणि पैसे बाळगून असणं म्हणजे चांगला भाव. म्हणून विकणाऱ्याने पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा तो हा, की माझ्या नाण्याचा दुसऱ्या क्रमांकाचा गिऱ्हाईक त्या घटकेला हजर असेल का?

यापुढचा मुद्दा लिलाव संपतो कसा हा. काही ठिकाणी घड्याळ कठोर असतं. रात्री नऊ वाजून शून्य सेकंदाला दार बंद. काही ठिकाणी शेवटच्या मिनिटांत बोली आली तर मुदत आपोआप पुढे सरकते. अर्थशास्त्रज्ञ अल्विन रॉथ आणि अॅक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ मध्ये या फरकावर एक सुंदर अभ्यास प्रसिद्ध केला. त्या काळी ईबेवर कठोर घड्याळ होतं, तर अॅमेझॉनच्या लिलावात शेवटच्या बोलीनंतर दहा मिनिटं शांतता गेल्याशिवाय लिलाव संपत नसे. ईबेवर जुन्या कलावस्तूंच्या ५९ टक्के लिलावांत शेवटची बोली अखेरच्या पाच मिनिटांत आली होती, आणि संगणकांच्या ४० टक्के लिलावांत. अॅमेझॉनवर हे प्रमाण दोन्हीकडे तीन टक्क्यांच्या आसपास होतं. माणसं दोन्हीकडे सारखीच, पण नियम बदलल्याबरोबर त्यांची वागणूक बदलली. रॉथ यांना पुढे २०१२ मध्ये नोबेल मिळालं, तेही बाजार कसे रचावेत याच विषयातल्या कामासाठी.

ही शेवटच्या क्षणाची लबाडी संगणकाने आणलेली नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये मेणबत्तीचे लिलाव होत. बोटभर मेणबत्ती पेटवायची आणि ज्योत विझताना ज्याची बोली शेवटची, त्याचा माल. सॅम्युअल पीप्स या सरकारी अधिकाऱ्याने सप्टेंबर १६६२ मधल्या रोजनिशीत नोंदवलं आहे की एक जण दर वेळी नेमका शेवटी ओरडे. विचारल्यावर त्याने गुपित सांगितलं. ज्योत विझण्याच्या बेतात असली की धूर खाली झुकतो.

रॉथ आणि ओकेनफेल्स यांच्या अभ्यासात मला सगळ्यात मोलाची वाटते ती संगणक आणि कलावस्तू यांच्यातली तफावत. संगणकाचा भाव सगळ्यांना माहीत असतो. जुनी वस्तू खरी की बनावट, दुर्मिळ की सर्रास, हे जाणकारालाच कळतं. जाणकाराने लवकर बोली लावली तर तिचा अर्थ इतरांना कळतो, की अरे, यात काहीतरी आहे! मग नवखेही चढाओढीत उतरतात. म्हणून जाणकार गप्प बसतो आणि शेवटच्या काही सेकंदांत हात घालतो. हाली नाण्यांच्या बाबतीत हे तंतोतंत लागू पडतं. तुमच्या नाण्यावर सहा दिवस शुकशुकाट असेल तर घाबरून लिलाव मागे घेऊ नका किंवा कोणी परस्पर फोन करून देऊ केलेली रक्कम मान्य करू नका. गप्प असलेले लोकच बहुधा खरे गिऱ्हाईक असतात. घ्यायचं असेल तर उलट बाजूने विचार करा. मुदत सरकणाऱ्या लिलावात शेवटच्या सेकंदाची वाट पाहून काही साधत नाही, आपली कमाल रक्कम शांतपणे लिहून ठेवणं बरं.

विकणाऱ्याच्या दृष्टीने मला मुदत सरकणारा नियमच चांगला वाटतो. कठोर घड्याळात दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाचं इंटरनेट औशात किंवा मुखेडमध्ये ऐन वेळी अडलं तर त्याची बोली पोचत नाही आणि नुकसान नाण्याच्या मालकाचं होतं. सरकत्या मुदतीत त्याला उत्तर द्यायला वेळ मिळतो. लिलावघर निवडताना लोक दलाली किती ते विचारतात, ते योग्यच आहे. पण लिलाव कसा संपतो हेही नियमावलीत वाचून घ्यावं.

मग लिलाव कोणत्या तासाला संपावा? सहज सुचणारं उत्तर म्हणजे रात्री नऊ-दहाला, कारण तेव्हा लोक जेवून मोबाइल हातात घेऊन बसलेले असतात. संशोधक उरी सायमनसन यांनी ईबेवरच्या चित्रपटांच्या डीव्हीडींचे लिलाव तपासून २०१० मध्ये याला उलटा निष्कर्ष दिला. संध्याकाळी गिऱ्हाईक वाढतं हे खरं, पण विकणारे त्याहून जास्त वाढतात, कारण सगळ्यांना तेच सुचतं. परिणामी प्रत्येक लिलावाच्या वाट्याला येणारे बोली लावणारे कमी होतात, विक्रीचं प्रमाण घटतं आणि भावही उतरतो. विकणारा गिऱ्हाइकांची गर्दी मोजतो आणि आपल्यासारख्याच विकणाऱ्यांची गर्दी मोजायची विसरतो.

लातूरच्या आडत बाजारात माल घेऊन उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. दसरा-दिवाळीत सोयाबीन निघतं, देणी भागवायची असतात, रब्बीचं बियाणं-खत घ्यायचं असतं, म्हणून सगळ्यांच्या गाड्या एकाच वेळी बाजार समितीकडे वळतात आणि सौद्यात भाव बसतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलं होतं. सोयापेंड आयातीला परवानगी मिळाली, पाठोपाठ नवा माल आला आणि ऑक्टोबरपर्यंत भाव पाच हजारांच्या आसपास आला. हाली नाण्याची आवक अशी हंगामी नाही आणि ते ठेवून नासतही नाही. सोयाबीनवाल्याला घाई असते, घर चालवायचं असतं. नाणंवाल्याला बहुतेक वेळा थांबता येतं. ही मोठी ताकद आहे, आणि नेमकी तीच आपण वापरत नाही.

थांबण्याचा फायदा आकड्यांतही दिसला आहे. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड लकिंग-रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ च्या उन्हाळ्यात ईबेवर विकल्या गेलेल्या अमेरिकी एक सेंटच्या जुन्या नाण्यांचा अभ्यास केला. वीस हजारांवर लिलाव गोळा करून त्यातली ४६१ नाणी त्यांनी बारकाईने तपासली. तीन आणि पाच दिवसांच्या लिलावांत भाव साधारण सारखे निघाले. पण सात दिवसांच्या लिलावात ते सुमारे २४ टक्क्यांनी जास्त होते आणि दहा दिवसांच्या लिलावात ४२ टक्क्यांनी. कारण तेच. लिलाव जितके दिवस दिसत राहतो तितक्या जास्त डोळ्यांखालून जातो आणि तो दुसरा माणूस सापडण्याची शक्यता वाढते. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली. विकणाऱ्याबद्दलच्या वाईट शेऱ्याचा भावावर होणारा परिणाम चांगल्या शेऱ्यांच्या परिणामापेक्षा बराच मोठा होता.

एकाच घरात एकाच छापाचे दहा-बारा रुपये निघतात, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार. ते सगळे एका दिवशी वेगवेगळे लॉट करून लावावेत का? अर्थशास्त्रज्ञ ऑर्ली अॅशनफेल्टर यांनी १९८९ मध्ये वाइनच्या लिलावांचा अभ्यास केला, तेव्हा एकाच लिलावात अगदी सारख्या बाटल्या एकापाठोपाठ आल्या तर नंतरच्या लॉटचा भाव वाढण्यापेक्षा पडण्याचं प्रमाण जास्त दिसलं. नाण्यांत याचं कारण समजायला सोपं आहे. पहिलं नाणं सगळ्यात हौशी माणूस घेतो आणि बाजूला होतो. दुसऱ्या नाण्याला तो नसतो. शिवाय सारखी दहा नाणी एकत्र पाहून बघणाऱ्याला ते नाणं सर्रास मिळणारं वाटतं. म्हणून नाणी महिन्या-दोन महिन्यांच्या अंतराने काढावीत. ज्याचं वर्ष वेगळं किंवा प्रत उत्तम, ते नाणं गठ्ठ्यात कधीच घालू नये.

दिवस आणि तासांपेक्षा मोठी वेळ असते ती मोसमाची. अमेरिकेत बेसबॉल खेळाडूंच्या छापील पत्त्यांचा प्रचंड बाजार आहे. १९५२ सालचा मिकी मँटलचा एक पत्ता ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेला. तिथले व्यापारी मोसम पाहून चालतात, कारण खेळाडू मैदानावर आणि बातम्यांत असतो तेव्हा त्याच्या पत्त्याला मागणी असते. टाळेबंदीच्या काळात तर तिथे वेडच लागलं होतं. बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनचा १९८६ सालचा, सर्वोत्तम प्रतीचा पत्ता जानेवारी २०२१ च्या अखेरीस ७,३८,००० डॉलरला विकला गेला. काही आठवडे आधी त्याच प्रतीचा पत्ता २,१५,००० डॉलरला मिळत होता आणि त्याच वर्षात तो परत दोन लाखांच्या आसपास उतरला. वस्तूत काही फरक नव्हता. घरी अडकलेले लोक, हातात आलेला पैसा आणि जॉर्डनवरची गाजलेली मालिका, हे सगळं काही महिने एकत्र आलं आणि पांगलं.

निजाम काही सामना खेळत नाहीत, तेव्हा त्यांच्या नाण्याचा मोसम वेगळ्या गोष्टींवर चालतो. त्यातली पहिली म्हणजे चांदी. किलोला एक लाख रुपये दर असेल तर हाली रुपयात ९१४ रुपयांची चांदी असते. हा त्याचा पाया. २०२५ मध्ये चांदीने लाखाचा टप्पा ओलांडला तेव्हा हा पाया वर सरकला. अशा वेळी दोन गोष्टी घडतात. सर्रास नाण्याचा भाव चांदीला चिकटून वाढतो, आणि दुर्मिळ वर्षाच्या नाण्याचा फारसा वाढत नाही, कारण त्याची किंमत आधीच चांदीच्या कितीतरी वर असते. म्हणजे चांदी तेजीत असताना झिजलेला, सर्वसाधारण रुपया विकला तर हरकत नाही. पण चांगलं नाणं केवळ चांदी वाढली म्हणून बाहेर काढण्यात अर्थ नाही. तेजीत नाणी भट्टीतही जातात, आणि त्यात कोणती वर्षं वितळली याची नोंद कोणी ठेवत नाही. मराठवाड्याच्या सव्वादोनशे वर्षांच्या निजामी राजवटीचा हा पुरावा, त्याचं असं पाणी होणं मला मनापासून खुपतं.

दुसरं घड्याळ कायद्याचं आहे. १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं पुराणवस्तू ठरतं. ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि पुराणवस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो. महबूब अली खान यांची सगळी नाणी या रेषेपलीकडे गेली आहेत. उस्मान अली खान यांची कारकीर्द १९११ पासूनची, तेव्हा दर वर्षी त्यांच्या नाण्यांचं आणखी एक वर्ष शंभरी पार करतं आणि त्यांचा परदेशी गिऱ्हाईक कायमचा बाद होतो. अशा नाण्याचा लिलाव अमेरिकेच्या सकाळची वेळ साधून संपवण्यात काही हशील नाही. त्याचे गिऱ्हाईक हैदराबाद, पुणे, मुंबई, छत्रपती संभाजीनगर इथेच आहेत आणि वेळ त्यांचीच धरायची. शेत नांगरताना किंवा जुनी भिंत पाडताना नाणी सापडली तर गोष्टच निराळी. १८७८ च्या गुप्तधन कायद्याप्रमाणे ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागतात. तिथे लिलावाचा विचारच करू नये.

मला विचाराल तर हाली नाण्यासाठी मी सात ते दहा दिवसांचा, मुदत सरकणारा लिलाव सुचवेन. सुट्टीच्या दिवशी, पण सगळ्यांच्या गर्दीच्या तासाच्या थोडं आधी, म्हणजे सायंकाळी साडेसहा-सातला संपणारा. भारताचा क्रिकेट सामना आणि लग्नाची दाट तिथी टाळावी. त्याआधी महिनाभर तसल्या नाण्यांचे झालेले भाव लिहून ठेवावेत. मागितलेले भाव नव्हे, प्रत्यक्ष विकले गेलेले. नाणं चिंच किंवा पावडर लावून घासू नये, त्याने जाणकाराच्या लेखी किंमत पडते. फोटोत कमानीतलं अक्षर आणि हिजरी वर्ष स्पष्ट दिसलं पाहिजे. वर्ष वाचता येत नसेल तर उर्दू येणाऱ्या शेजाऱ्याकडून वाचून घ्यावं. वर्ष न लिहिलेलं नाणं जाणकाराच्या शोधात येतच नाही, मग वेळ कितीही अचूक साधली तरी उपयोग नाही.

आणि गरज डोक्यावर बसली असताना लिलाव लावू नये. फी भरायची आहे, दवाखान्याचं बिल आहे, चार दिवसांत पैसे हवेत, अशा वेळी माणूस तीन दिवसांचा लिलाव लावतो किंवा पहिल्या फोनला हो म्हणतो. त्यापेक्षा शक्य असेल तर दुसरी सोय करून नाण्याला त्याचे दहा दिवस द्यावेत.

ही घाई मुद्दाम निर्माण करणारेही आहेत. तुमच्या नाण्याचे लाखो रुपये देतो, रिझर्व्ह बँकेची मान्यता आहे, पण आजच्या आज नोंदणीची रक्कम भरा, दोन तासांत ऑफर संपते, असे फोन येतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा काही संबंध नाही, ती कसलंही शुल्क किंवा दलाली मागत नाही आणि तसं मागायचा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही. नाणं विकण्यासाठी आधी पैसे भरायला सांगणारा फोन आला, तर तो तिथेच बंद करा आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा.